हळदीच्या जिल्ह्यातला निळा प्रकाश

एलईडी बल्बचा पांढरा घुमट काढला की आत ॲल्युमिनियमची चकती दिसते आणि तिच्यावर दहा-बारा पिवळे ठिपके. बल्ब बंद असताना हे ठिपके वसमतच्या हळदीसारखे दिसतात, आणि साम्य रंगावर संपत नाही. ठिपक्याखालची चिप प्रत्यक्षात निळा प्रकाश देते. तिच्यावरचा पिवळा लेप, म्हणजे सिरियम मिसळलेले इट्रियम-ॲल्युमिनियम गार्नेट, त्यातला काही निळा प्रकाश शोषून पिवळा बाहेर टाकतो. शोषला न गेलेला निळा आणि हा पिवळा मिसळले की डोळ्याला पांढरे दिसते. हळदीतले कर्क्युमिन साधारण हेच करते. ४२५ नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळट-निळा प्रकाश शोषून ते हिरवट-पिवळा प्रकाश सोडते. चिमूटभर हळद स्पिरिटमध्ये कालवून, वरचा रंग नितळू देऊन, अंधारात नोटा तपासायचा जांभळा टॉर्च त्यावर मारला की द्रव हिरवट उजळतो. २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली ही वसमतची हळद ज्या हिंगोली जिल्ह्यात पिकते, तिथल्या शाळेत या प्रयोगाला जवळजवळ काहीच खर्च येणार नाही. विज्ञान प्रदर्शनातल्या मातीच्या ज्वालामुखीपेक्षा तो केव्हाही बरा.

पिवळा लेप सोपा होता, निळी चिप मिळवायला मात्र जवळपास नव्वद वर्षे गेली. पहिली नोंद १९०७ सालची. मार्कोनी कंपनीतला इंग्रज अभियंता हेन्री राऊंड कार्बोरंडमच्या स्फटिकावर प्रयोग करत होता. धार लावायच्या दगडात असते तेच हे कार्बोरंडम. दोन टोकांना दहा व्होल्ट दिल्यावर स्फटिक पिवळसर चमकला. राऊंडने ‘इलेक्ट्रिकल वर्ल्ड’ या नियतकालिकाला छोटेसे पत्र धाडले, असा प्रकार आणखी कोणाच्या पाहण्यात आला आहे का अशी विचारणा केली आणि तो आपल्या रेडिओच्या कामाला लागला. एलईडीचा जन्मदाखला म्हणायचा तर हे पत्र, पण त्यात प्रकाश का पडतो याचा पत्ता नाही.

तो शोधायला निघालेला माणूस ओलेग लोसेव. जन्म १९०३, गाव त्वेर. निझ्नी नोव्हगोरोदच्या रेडिओ प्रयोगशाळेत तो निरोप्या म्हणून लागला. रीतसर उच्च शिक्षण झालेले नव्हते. १९२२ मध्ये त्याने झिंकाइटच्या स्फटिकातून रेडिओलहरी निर्माण करून दाखवल्या, तेव्हा त्याने विशीही गाठली नव्हती. पुढे कार्बोरंडमच्या चमकेने त्याला पछाडले. ही चमक तापलेल्या तारेसारखी उष्णतेतून येते का, हे पाहण्याची त्याची युक्ती अप्रतिम होती. चमकणाऱ्या जागेवर त्याने बेंझिनचा थेंब सोडला. जागा तापलेली असती तर थेंब भरकन उडून गेला असता. तो गेला नाही. प्रकाश होता, पण ताप नव्हता. १९२७ मध्ये त्याचा लेख रशियन नियतकालिकात आला, १९२८ मध्ये ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये इंग्रजीतही आला. त्या चमकेने संदेश पाठवण्याच्या साधनाचे पेटंटही त्याने घेतले. १९३८ मध्ये त्याच्या एकूण कामावर त्याला डॉक्टरेट समकक्ष पदवी मिळाली, वेगळा प्रबंध मागितला गेला नाही. जानेवारी १९४२ मध्ये लेनिनग्राडच्या वेढ्यात तो उपासमारीने गेला. वय ३८. एलईडीच्या इतिहासात श्रेयावरून भांडणे पुष्कळ झाली, पण सर्वांत मोठा अन्याय ज्याच्यावर झाला त्याला भांडायलाही वेळ मिळाला नाही.

पुढचा मोठा टप्पा ऑक्टोबर १९६२. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये निक होलोन्याकने लाल प्रकाश देणारा डायोड बनवला. त्याला खरे तर दिसणारा लेसर हवा होता. एलईडी आणि लेसरचे हे नाते हिंगोलीकरांना जवळचे वाटावे, कारण औंढा नागनाथ तालुक्यातल्या दुधाळ्याला उभारल्या जाणाऱ्या ‘लायगो-इंडिया’ या गुरुत्वलहरींच्या वेधशाळेत लेसरच मुख्य पात्र आहे. २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांसह अंतिम मंजुरी मिळालेल्या या प्रकल्पात काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा असतील. लायगोच्या मूळ लेसरला लागणारी ऊर्जा देतात ते अर्धवाहक लेसर-डायोड. घरातला एलईडी आणि ते डायोड एकाच कुळातले.

निळ्याची कथा जपानची, आणि ती चक्क कोर्टात गेली. नागोया येथे इसामू अकासाकी आणि त्यांचे विद्यार्थी हिरोशी अमानो यांनी १९८० च्या दशकात निळ्यासाठी लागणाऱ्या गॅलियम नायट्राइडचे चांगले स्फटिक वाढवून दाखवले. शिकोकू बेटावरच्या अनान गावात निचिया नावाची कंपनी होती. ट्यूबलाइटला लागणारे चमकणारे लेप बनवणे हा तिचा धंदा. तिथला अभियंता शुजी नाकामुरा यानेही हाच नाद घेतला. नव्या अध्यक्षांनी काम थांबवायला सांगितले तरी तो थांबला नाही. १९९३ मध्ये लख्ख निळा एलईडी बाजारात आला. १९९६ मध्ये कंपनीने आपल्या घरचाच पिवळा लेप त्यावर लावून पांढरा एलईडी काढला. नाकामुराला या शोधाबद्दल मिळालेले बक्षीस होते २० हजार येन. नोकरी सोडल्यावर त्याने दावा लावला. जानेवारी २००४ मध्ये टोकियोच्या न्यायालयाने त्याला २,००० कोटी येन द्यायला सांगितले, आणि वर्षभरात प्रकरण सुमारे ८४ कोटी येनवर मिटले. २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल या तिघांना मिळाले. आपल्याला वगळल्याची नाराजी होलोन्याकने लपवली नाही.

चिपचे काम थोडक्यात असे. एका बाजूच्या थरात जादा इलेक्ट्रॉन असतात, दुसऱ्या बाजूला त्यांच्या रिकाम्या जागा. वीज सोडली की इलेक्ट्रॉन त्या जागांत पडतात आणि पडताना सुटलेली ऊर्जा प्रकाश होऊन निघते. पडण्याची उंची किती, हे पदार्थ ठरवतो, आणि उंचीवरून रंग ठरतो. लालला ती कमी लागते, निळ्याला जास्त. म्हणून निळा इतका अवघड गेला.

तरी लोसेवचा थेंब आजच्या नऊ वॉटच्या बल्बावर टिकणार नाही. प्रकाश उष्णतेतून येत नसला तरी दिलेल्या विजेचा मोठा भाग चिपमध्येच उष्णता होतो. तारेचा जुना बल्ब ही उष्णता किरणांनी बाहेर फेकत असे, चिपला ते जमत नाही. ती चकतीमार्फत मागच्या धातूत न्यावी लागते. म्हणून फिटिंगची पाठ जड असणे हा गुण आहे. मे महिन्यात पत्र्याच्या छताला चिकटवलेला किंवा काचेच्या बंद गोळ्यात कोंडलेला बल्ब लवकर मरतो तो यामुळेच.

बहुतेक वेळा मरतो मात्र ड्रायव्हर. २३० व्होल्टची उलटसुलट वीज एका दिशेची आणि ठरावीक प्रवाहाची करून चिपला देणारे हे छोटे सर्किट. त्यातला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेला फार हळवा असतो. तापमान दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. खोक्यावर छापलेले २५ हजार तास हे चिपचे असतात, आणि तेही प्रकाश ७० टक्क्यांवर उतरेपर्यंतचे. ड्रायव्हरची वयोमर्यादा कोणी छापत नाही. एलईडी टिकाऊ असतात ही जाहिरात म्हणूनच अर्धीच खरी आहे.

गावाकडची वीज या ड्रायव्हरची परीक्षा पाहते. रब्बीत हरभऱ्याला, गव्हाला, हळदीला पाणी द्यायला डीपीवरच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की व्होल्टेज कोसळते. चोकची ट्यूब अशा वेळी नुसती लुकलुकते. चांगल्या ड्रायव्हरचा एलईडी १५० व्होल्टलाही शांतपणे पेटलेला राहतो. हा फायदा शहरात लिहिल्या गेलेल्या माहितीपत्रकांत क्वचित सापडतो, पण रात्रीच्या पाळीने वीज मिळणाऱ्या शेतकऱ्याला तोच आधी कळतो. उलटी बाजूही आहे. डीपीवरचा न्यूट्रल तुटला तर एका फेजवरच्या घरात ४०० व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो. मृगाच्या विजा कडाडल्या की तारांतून झटके येतात. जुना बल्ब काही झटके सोसत असे, स्वस्तातला ड्रायव्हर पहिल्याच झटक्यात धूर सोडतो. खांबावरच्या दिव्याला दहा किलोव्होल्टपर्यंतचे सर्ज संरक्षण आणि पाणी-धूळ रोखणारा आयपी ६५ किंवा ६६ दर्जा मागावा, तो याच कारणासाठी.

बचतीचा हिशेब सोपा आहे. ६० वॉटच्या जुन्या बल्बाचा उजेड ७०० ल्युमेनच्या आसपास, नऊ वॉटच्या एलईडीचा ९०० च्या. रोज पाच तास वापर धरला तर वर्षाला ९३ युनिट वाचतात. मात्र ज्या घरात आधीच १४ वॉटचा सीएफएल होता तिथे ही बचत नऊ युनिटवर येते. मोठा पल्ला सीएफएलनेच मारला होता. एलईडीने त्यातला पारा घालवला आणि पेटायला लागणारा वेळही. ५ जानेवारी २०१५ ला सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेमुळे बल्ब घरोघर गेले. सरकारी खरेदीचा भाव २०१४ मधल्या ३१० रुपयांवरून २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला. हे यश मोठे आहे, पण भाव असा उतरल्यावर खुल्या बाजारातला हलका माल काटकसर कुठे करतो, हे ड्रायव्हर उघडला की दिसते.

रंगाचा मुद्दा लोक सोडून देतात, हळदीच्या व्यापारात तो सोडता येत नाही. कांडी मोडून आतला नारिंगी गाभा पाहणाऱ्याला प्रकाशात गडद लाल असावा लागतो. निळी चिप आणि पिवळा लेप या जोडीत नेमका तोच कमी पडतो. रंगदर्शकांक, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ७० असलेल्या ६५०० केल्विनच्या दिव्याखाली चांगली कांडीही फिकट, हिरवट भासते. पारख करायच्या जागी ९० च्या वरचा अंक हवा, किंवा सरळ दिवसाचा उजेड. घरासाठी ३००० केल्विनचा पिवळसर दिवा उत्तम. त्यात निळा भाग कमी असल्याने झोपेला त्रास कमी आणि किड्यांचा घोळकाही कमी. तरी गिऱ्हाईक पांढराशुभ्र मागते, म्हणून दुकानदार तोच ठेवतो.

बल्ब गेला म्हणून लगेच टाकू नये. चकतीवरचे ठिपके बहुधा एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे एक गेला की सगळे विझतात. गेलेल्या ठिपक्यावर काळा डाग पडतो, नुसत्या डोळ्याला दिसतो. दुरुस्ती करणारे त्याच्या दोन टोकांना कथिलाने जोडून देतात आणि बल्ब पुन्हा पेटतो. तो फार काळ चालत नाही, कारण उरलेला दाब इतरांवर आणि ड्रायव्हरवर पडतो. ड्रायव्हर चकतीवरच बसवलेला असेल तर दुरुस्ती इथेच संपते. तो दोन तारांनी जोडलेल्या वेगळ्या डबीत असेल तर फक्त डबी बदलून फिटिंग पुन्हा काही वर्षे चालते. बॅटन किंवा पॅनल घेताना बीआयएसचा शिक्का आणि ल्युमेनचा आकडा पाहून झाला की ही डबी वेगळी निघते का, हे दुकानातच उघडून पाहावे.