अँप्लिफायरचा फ्यूज उडाला? नवा घेताना 'टी' की 'एफ' ते आधी बघा

वरठी : लाईन जाते, परत येते आणि घरातला अँप्लिफायर मुका होतो. लाल दिवाही लागत नाही. अशा वेळी बहुतेकदा मागच्या बाजूचा काचेचा फ्यूज उडालेला असतो. मग काय होते? कोणीतरी वायरमधली एक तार काढतो, फ्यूजवर गुंडाळतो आणि गाणे सुरू! इथेच घोटाळा होतो. वायरमधली केसासारखी एक तांब्याची तार वितळायला साधारण 7 अँपिअर करंट लागतो. तुमच्या मशीनला हवा असतो 2 अँपिअरचा फ्यूज. म्हणजे तार वितळायच्या आधी आतला ट्रान्सफॉर्मर जळून जाईल. सिगारेटच्या चांदीचेही तेच.

फ्यूज बदलताना नुसता स्विच बंद करू नका, पिन बोर्डातून काढा. मागची टोपी फिरवली की फ्यूज बाहेर येतो. त्याच्या धातूच्या टोपणावर बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेले असते. मोबाईलने फोटो काढून मोठा करून बघा. समजा लिहिले आहे 'टी 2 ए 250 व्ही'. यातले 2 ए म्हणजे 2 अँपिअर, 250 व्ही म्हणजे 250 व्होल्टपर्यंत चालतो. आणि 'टी' म्हणजे सावकाश उडणारा, ज्याला दुकानात स्लो-ब्लो म्हणतात. 'एफ' असेल तर तो झटकन उडणारा.

हे अक्षरच लोक विसरतात. मोठा ट्रान्सफॉर्मर असलेले मशीन सुरू करताना क्षणभर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढते. 'टी' फ्यूज तेवढा झटका सहन करतो. त्याजागी 'एफ' टाकला तर मशीन चांगले असूनही फ्यूज पुन्हा पुन्हा उडेल. उलट 'एफ'च्या जागी 'टी' टाकाल तर बिघाड झाल्यावर तो उशिरा उडेल, तोवर आतले सामान जाईल.

मापही बघा. जास्त चालणारा फ्यूज 20 मिलिमीटर लांब, 5 मिलिमीटर जाड असतो. जुन्या मशीनमध्ये साधारण 32 मिलिमीटरचा लांबही सापडतो. जुना फ्यूज सोबत घेऊनच दुकानात जा, सोपे पडते. काचेऐवजी पांढरा चिनी मातीचा असेल तर तसाच घ्या, काचेचा नको.

अक्षरे पुसली असतील, किंवा आधीच कोणी तार बांधून ठेवली असेल तर? मशीनच्या मागे फ्यूजजवळ आकडा छापलेला असतो. तिथे वॅट लिहिले असतील तर त्याला 230 ने भागा : 400 वॅट म्हणजे पावणेदोन अँपिअरच्या आसपास. हा फक्त अंदाज, खरा आकडा कंपनीचाच. खोक्यावरचे '5000 वॅट पीएमपीओ' मात्र हिशोबात धरू नका, तो विकायचा आकडा आहे.

बॅटरीवर मशीन चालवणाऱ्यांचा हिशोब वेगळा. 12 व्होल्टवर 100 वॅटलाच 8 अँपिअरच्या वर करंट लागतो, म्हणून तिथे गाडीचा लाल, 10 अँपिअरचा फ्यूज चालतो. पण तोच घरच्या लाईनवर लावू नका हो, तो 32 व्होल्टचाच असतो.

उडालेल्या फ्यूजची काच साफ असून मधली तार तुटलेली असेल तर एकदा नवा लावून बघायला हरकत नाही. काच काळी किंवा चांदीसारखी झाली असेल तर आत शॉर्ट आहे. स्पीकरच्या दोन वायरी एकमेकांना चिकटल्या आहेत का ते बघा. बरोबर आकड्याचा दुसराही फ्यूज उडाला, तर तिसरा मोठा टाकू नका, मशीन मेकॅनिककडे न्या. झाकण स्वतः उघडू नका. पिन काढल्यावरही आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये करंट काही वेळ शिल्लक असतो.