दुसऱ्या वर्षालाच पासपोर्ट काढा

काही वर्षांपूर्वी एक विद्यार्थी माझ्याकडे शिफारसपत्र मागायला आला. आईवडील ऊसतोडीला जाणारे, मुलगा रसायनशास्त्रात वर्गात पहिला. जर्मनीत एम.एस्सी. करायचं म्हणत होता. मी समजुतीच्या सुरात सांगितलं, "अरे, ते आपल्यासारख्यांचं काम नाही. इथलंच नीट कर." तो "बरं सर" म्हणून निघून गेला. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नसतं, हे मला फार उशिरा कळलं. ठाऊक नसताना मी सल्ला दिला होता. तालुक्याच्या कॉलेजातल्या मुलांची वाट बरेचदा आम्हीच अशी अडवतो.

शुल्क नाही म्हणजे खर्च नाही, असं मात्र नव्हे. राहण्या-जेवणाची वर्षाची सोय आहे, हे व्हिसासाठी दाखवावं लागतं. २०२४मध्ये ही रक्कम ११,९०४ युरो होती, म्हणजे दहा लाख रुपयांच्या वर. शिष्यवृत्ती हवी ती इथे. अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आहे. अनुसूचित जातींसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. इतर मागास आणि खुल्या प्रवर्गांसाठीही राज्याच्या योजना आहेत. युरोपची 'इरास्मस मुंडुस' तर जात, उत्पन्न काहीच विचारत नाही. निवड झाली की महिन्याला १,४०० युरो मिळतात.

पैसा एकाच ठिकाणाहून येईल, अशी आशा मात्र धरू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे लंडनला शिकत असताना मुदत संपली आणि १९१७मध्ये शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांनी उसने दिले, तेव्हा कुठे १९२०मध्ये ते पुन्हा लंडनला पोहोचले.

मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजीची धास्ती असते. आयईएलटीएस परीक्षेत साहेबासारखे उच्चार लागत नाहीत. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं समजण्यासारखं हवं. वर्षभर रोज तासभर दिला तर जमतं. फी मात्र १७-१८ हजारांच्या घरात आहे आणि निकाल दोनच वर्षं चालतो, त्यामुळे घाईने देऊ नये. शहरातल्या सल्लागारांकडे जायला हरकत नाही, पण त्यातल्या काहींना विद्यापीठांकडून कमिशन मिळतं. जिथे शुल्कच नाही, त्या विद्यापीठाचं नाव ते कशाला सुचवतील? ते विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आपणच शोधायचं.

खरी अडचण वेळेची आहे. इरास्मसचे बहुतेक अर्ज साधारण ऑक्टोबर ते जानेवारीत भरायचे असतात, तेही जाण्याच्या आदल्या हंगामात. आमची मुलं शेवटच्या वर्षाचा निकाल लागल्यावर चौकशीला येतात. म्हणून आता दुसऱ्या वर्षाच्या वर्गात मी पहिल्याच आठवड्यात विचारतो, पासपोर्ट कुणाकडे आहे? गेल्या वर्षी दोन हात वर आले. फी दीड हजार रुपये. काढण्याआधी दहावीच्या प्रमाणपत्रावरचं आणि आधारवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतं का, ते पाहा. माझ्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांच्या नावात एक वेलांटी चुकली होती. ती दुरुस्त होईपर्यंत अर्जाची तारीख उलटली.