चावीचा ग्रामोफोन आणि हरवलेला खर्ज

इंदूरहून महूकडे जाताना पिगडंबर लागतं. सुमन चौरसिया यांनी जन्मभर जमवलेल्या हजारो ध्वनिमुद्रिकांचं संग्रहालय तिथं आहे. २००८ साली सुरू झालेल्या या संग्रहालयाला लता दीनानाथ मंगेशकर यांचं नाव आहे. लताबाईंचा जन्म इंदूरचाच, १९२९ सालचा. अशा संग्रहात गाण्यांबद्दल भरभरून बोललं जातं, यंत्राबद्दल फारसं नाही. खरं तर तीच तबकडी दोन निरनिराळ्या चावीच्या ग्रामोफोनवर लावा, गाणाऱ्याचा गळाच बदलल्यासारखा वाटतो.

या यंत्रात वीज नाही. हातानं चावी भरायची, ती ताकद पोलादी स्प्रिंगमध्ये साठते आणि तबकडीला फिरवते. खाचेतली नागमोडी वळणं सुईला डावीउजवीकडे हलवतात आणि सुई साउंडबॉक्समधल्या पातळ पडद्याला. खोलीभर घुमणारा सगळा आवाज मनगटाच्या त्या मेहनतीतूनच निघतो. एचएमव्हीच्या १९२५च्या १०१ नंबरच्या पेटीत हा पडदा अभ्रकाचा होता, १९३१च्या १०२मध्ये अ‍ॅल्युमिनियमचा आला. अ‍ॅल्युमिनियम हलकं आणि घडीव असल्यानं वरचे स्वर, व्यंजनांची धार अधिक स्पष्ट उमटते. दोन्ही पेट्या शेजारी ठेवून ऐकल्या की हा फरक कानाला लगेच कळतो.

पण खरी करामत कर्ण्याची. पडदा चिमुकला आणि खोलीतली हवा अफाट. नुसता पडदा थरथरला तर आवाज जेमतेम कुजबुजीएवढा येतो. अरुंद गळ्यातून हळूहळू रुंदावणारा कर्णा पडद्याच्या हालचालीची सांगड बाहेरच्या हवेशी घालून देतो. जुने कारागीर त्याचा आकार अंदाजानं ठरवत. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात बेल प्रयोगशाळेतल्या मॅक्सफील्ड आणि हॅरिसन यांनी गणितानं दाखवलं, की ठरावीक अंतरावर कर्ण्याच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ दर वेळी त्याच पटीत वाढायला हवं. १९२५मध्ये त्या सूत्रावरचा व्हिक्टर कंपनीचा ऑर्थोफोनिक ग्रामोफोन बाजारात आला. त्याचा लांबलचक कर्णा घड्या घालून लाकडी कपाटात बसवलेला होता.

आता खर्जाचं गणित पाहा. सेकंदाला १०० कंपनांच्या स्वराची लहर सुमारे ३.४ मीटर लांब असते. ती नीट बाहेर सोडायची तर कर्ण्याच्या तोंडाचा घेर साधारण तेवढा, म्हणजे व्यास मीटरभराहून थोडा जास्त हवा. हातात धरून न्यायच्या पेटीत हे मावणार कसं? म्हणून तिच्यावर डग्ग्याची घुमार जाते, थाप तेवढी उरते. गायकाचा खालचा षड्ज मात्र ऐकू येतो, आणि ही गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत विलक्षण वाटते. १०० कंपनांचा मूळ स्वर कर्ण्यातून जवळजवळ निघतच नाही. २००, ३००, ४०० कंपनांचे त्याचे वरचे अंश निघतात आणि त्यांच्यावरून आपली श्रवणयंत्रणा मूळ स्वर स्वतःच उभा करते.

दोन ग्रामोफोनच्या आवाजाची तुलना करायची तर आधी दोन्ही यंत्रांची गती मिनिटाला ७८ फेऱ्यांवर आणायला हवी. स्प्रिंग सैलावत जाते तशी तिची ओढ घटते, तरी चाल सारखी राहते ती गव्हर्नरमुळे. वेग वाढला की त्याची पितळी वजनं बाहेर फाकतात आणि एक चकती चामड्याच्या तुकड्यावर दाबली जाते. हा तुकडा वाळला की गती ढळते. फेऱ्या सुमारे साडेचारनं वाढल्या तर काळी एकचं गाणं पांढरी दोनमध्ये जातं! पारखायची युक्ती सोपी आहे: कागदी चकतीवर सारख्या अंतरानं ७७ पट्टे काढायचे आणि ती जुन्या पिवळ्या बल्बच्या उजेडात फिरवायची. आपल्याकडचा हा बल्ब सेकंदाला शंभरदा लुकलुकतो. गती बरोबर असेल तर पट्टे जागच्या जागी थांबलेले दिसतात.

बाजारात चकचकीत पितळी कर्ण्याचे, नामांकित कंपनीचं चिन्ह चिकटवलेले नवे 'जुने' ग्रामोफोन पुष्कळ मिळतात. त्यांत बहुधा एखाद्या मोडक्या पेटीची मोटर असते आणि कर्णा नुसता शोभेचा. घेण्यापूर्वी तबकडी लावून ऐकावीच, पण दुर्मीळ तबकडी नव्हे. लाखेत दगडाची भुकटी मिसळून ती बनवलेली असते. शंभर ग्रॅमहून जड साउंडबॉक्सखाली पोलादी सुई आणि खाच एकमेकींना झिजवतात. म्हणून प्रत्येक बाजूला नवी सुई हवी आणि चाचणीसाठी सहज मिळणारी तबकडी. दुर्मीळ तबकडी हलक्या पिकअपच्या विजेवरच्या टर्नटेबलवर, ७८साठीची रुंद टोकाची सुई लावून वाजवावी.

काही तबकड्या तर चावीच्या यंत्रासाठी नसतातच. उस्ताद अमीर खाँ यांचा अतिविलंबित ख्याल दहा इंची तबकडीच्या तीन-सव्वातीन मिनिटांत मावणारा नव्हता. इंदूर घराण्याच्या या गायकाचे मारवा आणि दरबारी हे राग १९६०मध्ये जास्त वेळ वाजणाऱ्या एलपीवर आले. ती एलपी मऊ व्हिनाइलची, बारीक खाचांची आहे. चावीच्या ग्रामोफोनवर ती एकदाही लावू नये. पोलादी सुई पहिल्याच फेरीत तिच्या खाचा खरवडून काढते.