दुर्बीण आणि डिजिटल कॅमेरा
दूरच्या पक्ष्याची ओळख विवाद्य ठरते, तेव्हा केवळ शब्दवर्णन पुरत नाही. स्पॉटिंग स्कोपच्या नेत्रभिंगामागे डिजिटल कॅमेरा धरून असा पुरावा मिळविण्याची पद्धती मलेशियातील पक्षिनिरीक्षक लॉरेन्स पो यांनी १९९९ पासून रूढ केली. नेत्रभिंगातून समांतर निघणाऱ्या किरणांची प्रतिमा कॅमेऱ्याचे भिंग घडविते. त्यामुळे २० पट विवर्धन व ५० मिलिमीटरचे भिंग यांतून १००० मिलिमीटर नाभीय अंतर सिद्ध होते. पदार्थभिंगाचा व्यास मात्र ८० मिलिमीटरच राहतो. म्हणजे गुणोत्तर १२.५. विवर्धन ६० पट केल्यास ते ३७.५ होते, प्रतिमा अंधूक होते, प्रकाशग्रहणाचा काळ लांबतो आणि तिपाईचा किंचित कंपही पिसांच्या खुणा पुसून टाकतो. सारांश, ओळख पटविण्यास मोठ्या प्रतिमेपेक्षा स्पष्ट प्रतिमाच अधिक प्रमाण होय.