पावाचा पाव

हरिहरेश्वर हे पेशव्यांचे कुलदैवत. जवळच्याच श्रीवर्धनची देशमुखी त्यांच्या भट घराण्याकडे होती. त्या घरातले बाळाजी विश्वनाथ १७१९ साली दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले. शाळेतला इतिहास एवढे सांगून थांबतो. त्या सनदांच्या वाटणीत मात्र अपूर्णांक, शेकडा आणि दशांश यांचा सगळा धडा दडलेला आहे.

एखाद्या मुलखाचा वसूल १०० रुपये धरू. चौथाई म्हणजे १/४, अर्थात २५ रुपये. सरदेशमुखी १/१०, म्हणजे १० रुपये. ते छत्रपतींचे वतन. चौथाईची पुढे पुन्हा वाटणी होई. तिचा चौथा हिस्सा ‘बाबती’ म्हणून छत्रपतींचा. उरलेला तीन-चतुर्थांश मोकासा. त्यातून चौथाईच्या शेकडा ६ ‘सहोत्रा’ पंत सचिवांकडे, शेकडा ३ ‘नाडगौडा’ छत्रपतींच्या मर्जीप्रमाणे कोणाला तरी, आणि बाकी शेकडा ६६ ‘ऐन मोकासा’ फौज बाळगणाऱ्या सरदारांना. २५ रुपयांवर हे लावले, की बाबती ६.२५, सहोत्रा १.५०, नाडगौडा ०.७५ आणि ऐन मोकासा १६.५०. बेरीज बरोबर २५.

या हिशेबात एक खुबी आहे. शेकडा ६, पण कशाचे? चौथाईचे. एकूण वसुलाच्या मानाने ते फक्त दीड टक्का. टक्केवारी कशावर काढली हे सांगितले नाही, तर तिला अर्थ नाही. आजही ‘सवलतीवर आणखी सवलत’ वाचताना नेमकी इथेच फसगत होते.

आता बाबती पाहा. पावाचा पाव म्हणजे १/१६, म्हणजे रुपयात एक आणा. रुपया १६ आण्यांचा आणि आणा १२ पैंचा असल्यामुळे अर्धा, पाव, दोन आणे, एक आणा हे सगळे निःशेष निघत. शेकड्यात त्याच आण्याचे ६.२५ होतात. सरदेशमुखी याच्या उलट: शेकड्यात सरळ १०, पण रुपयात १ आणा ७.२ पै.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि हा पाव पैसा घरोघर पोचला. आण्याचे ६.२५ नये पैसे द्यायचे कसे? कायद्याने जवळच्या पैशाचा नियम केला: एक आणा ६, तीन आणे (१८.७५) १९. दोन आणे मात्र १२.५०, बरोबर मध्यावर. तिथे कायद्याने खालचा आकडा घेतला, १२. पूर्णांकात आणण्याचा नियम कुणीतरी ठरवतो आणि उरलेल्या अर्ध्या पैशाचा लाभ कुणाला, हेही त्याच नियमात ठरून जाते.

सोळाचा हा संसार फक्त आपलाच नव्हता. न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात १९९७ ते २००१ या काळात भाव डॉलरच्या सोळाव्या हिश्श्यात सांगत. त्यांचाही ‘आणा’ ६.२५ सेंटचाच होता. मग तिथेही दशांश आले.

कोकणात मात्र खरी कसोटी वाडीच्या वाटण्यांत लागते. तीन भावांत रुपयाचा हिस्सा वाटला, तर प्रत्येकी ५ आणे ४ पै, कणभरही उरत नाही. टक्क्यांत लिहिले, की ३३.३३ तीनदा, बेरीज ९९.९९. कारण साधे आहे. रुपयाच्या १९२ पैंमध्ये ३ हा अवयव आहे, १०० मध्ये नाही. संक्षिप्त अपूर्णांकाच्या छेदात २ आणि ५ खेरीज दुसरा मूळ अवयव असेल, तर दशांश कधीच संपत नाही. पाच भाऊ असते, तर शेकडा २० सरळ आणि आणे-पैंचीच पंचाईत. सात भावांपुढे दोन्ही पद्धती हरतात. तिथे १/७ लिहिणे हाच प्रामाणिक मार्ग.

सातबाऱ्यावर आणखी एक सापळा आहे. जुन्या एकर-गुंठ्यांच्या नोंदीत २.२० म्हणजे २ एकर २० गुंठे, म्हणजे अडीच एकर. सव्वादोनही नाही आणि २.२ तर नाहीच, कारण एकराला गुंठे ४०. नव्या नोंदीतले ०.०५.५० म्हणजे शून्य हेक्टर, ५ आर, ५० चौरस मीटर; हेक्टरमध्ये ०.०५५. टिंब दिसले म्हणून तो दशांशच असेल, असे नाही. बोलताना आर आणि गुंठा सर्रास एकच धरतात. पण आर १०० चौरस मीटरचा आणि ३३ फूट बाजूचा गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा. फरक जेमतेम सव्वा टक्क्याच्या आत, तरी एकरभरात तो सुमारे ४७ चौरस मीटर, जवळजवळ अर्धा गुंठा होतो.

पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी घोकणाऱ्या पिढीला या उड्या तोंडी मारता येत. ते पाढे आता कुणी परत आणणार नाही, पण त्यांच्यामागची शिस्त उचलण्यासारखी आहे. वाटणी करायची तर अपूर्णांक, तुलना करायची तर शेकडा, नोंद आणि मोजमाप करायचे तर दशांश. हिशेब शेवटपर्यंत अपूर्णांकात चालवावा, रूपांतर एकदाच, अखेरीस करावे. आणि वाटणीपत्रात १/३ असेल, तर तिथे ३३.३३ टक्के कुणाला लिहू देऊ नये. जो ०.०१ टक्का उरतो, त्यावर कुणाचेच नाव नसते.