उंसांतील बिबळ्या

बिबळ्या म्हटला कीं शहरवासी श्रोत्यांच्या डोळ्यांपुढें घनदाट अरण्य उभें राहतें. परंतु पुणें जिल्ह्यांतील जुन्नर तालुक्यांत एखाद्या शेतकऱ्यास विचारा. तो डोंगराकडे बोट न दाखवितां घरामागील उंसाकडे दाखवील. हा प्राणी उंसांत आला कसा, आणि त्याला धरून दूर नेऊन सोडल्यानें प्रश्न सुटतो काय, या दोनच गोष्टींचा आज विचार करावयाचा आहे.

माणिकडोह, येडगांव, वडज, डिंभें हीं कुकडी प्रकल्पाचीं धरणें झालीं, पाट वाहूं लागले, आणि त्यांच्या पाण्यावर ऊंस फोफावला. आडसाली ऊंस १६ ते १८ महिने शेतांत उभा असतो. पुरुषभर उंच आडोसा, जवळ पाणी, आणि वस्तीवर कुत्रीं, शेळ्या, कोंबड्या. बिबळ्याला आणखी काय हवें? शेजारच्या अकोलें तालुक्यांतील अभ्यासांत त्याच्या आहारांत सर्वांत मोठा वांटा पाळीव कुत्र्यांचाच आढळला. मादी उंसांतच विते. त्या पिलांना ऊंस हेंच रान. तोडणीच्या वेळीं तीं सांपडलीं, तर त्याच जागीं रात्रीं ठेवून आईची वाट पाहावी, असा शहाणपणाचा परिपाठ वनखात्यानें घातला आहे.

आतां दुसरा प्रश्न. इ. स. २००१ पासून या भागांत बिबळे मोठ्या प्रमाणावर पकडून दूरच्या रानांत सोडण्यांत आले. उपाय सरळ दिसत होता. फळ उलटें आलें. त्यापूर्वीं माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. २००१ ते २००३ मध्यें ते १७ वर गेले. विद्या अत्रेय व त्यांचे सहकारी यांनीं याचा छडा लावला. हल्ले सोडलेल्या जागांच्या आसपासहि वाढले होते. जाणत्या बिबळ्याला स्वतःचा मुलूख असतो. अनोळखी प्रदेशांत तो बिथरतो, परतीची वाट शोधतो. आणि इकडे त्याची रिकामी जागा दुसरा बिबळ्या घेतो.

तरीहि प्रत्येक दुर्घटनेनंतर मागणी पिंजऱ्याचीच होते. यांत नवल नाहीं. ज्या घरांतलें मूल गेलें, त्या घरापुढें शास्त्र सांगत कोण उभा राहील? पिंजरा डोळ्यांना दिसतो, पुढाऱ्याला तो दाखवितां येतो. बंदिस्त गोठा, अंगणांतला दिवा, घराजवळचें शौचकूप, दिवसा मिळणारी वीज यांचा गाजावाजा होत नाहीं. पण वीज रात्रीं येते म्हणूनच शेतकऱ्याला अंधारांत पिकाचीं दारें धरावयास जावें लागतें, हें विसरून चालणार नाहीं.

डोंगराकडील महादेव कोळी मंडळी दिवाळीच्या तोंडावर वाघबारस पाळतात, वाघोबाला नैवेद्य दाखवितात. या आठवणींत वाघाची भीति आहे, पण त्याच्या शेजारीं राहावयाचें आहे ही जाणीवहि आहे. अर्थात् नैवेद्यानें मूल वांचत नाहीं. तें सावधपणानें आणि सोयींनीं वांचतें.

त्या सोयींचा खर्च एकट्या गांवानेंच कां सोसावा? बिबळ्याला १९७२ च्या कायद्यानें संरक्षण आपण सर्वांनीं दिलें आहे. आणि आपल्या चहांत पडणारी साखरहि अशाच उंसाची आहे.