शाळेचे नाटक एसटीत बसते तेव्हा

मूर्तिजापूरसारख्या तालुक्याच्या गावी शाळेत ‘नाट्यविभाग’ अशी पाटी लावलेली खोली सहसा नसते. मराठीचे एखादे सर, चित्रकलेच्या बाई आणि विषय गणित किंवा शारीरिक शिक्षण असला तरी नाटकाचा नाद न सुटलेले आणखी कोणीतरी, एवढी माणसे मिळून जो काही विभाग होतो तो होतो. अभ्यासक्रमात नाट्याला जागा आहे. बालभारतीच्या ‘खेळू, करू, शिकू’ या पुस्तकांत गायन, नृत्य आणि चित्रकलेच्या बरोबरीने नाट्यही येते. वेळापत्रकात मात्र त्याचा तास शोधावा लागतो. शाळकरी नाटकाचा खरा हंगाम स्नेहसंमेलनाचा, म्हणजे डिसेंबर-जानेवारीचा. गावात त्याला गॅदरिंगच म्हणतात.

तालमी सुरू होतात दिवाळीनंतर, आणि वऱ्हाडात नेमके तेच दिवस कपाशीच्या वेचणीचे. आसपासच्या खेड्यांतून येणारी मुले चार-चार दिवस शेतात असतात, राजाचा प्रधान गैरहजर राहतो आणि त्याचे संवाद प्रॉम्प्टर वाचून दाखवतो. शाळा सुटल्यावर तालीम ठेवावी तर खेड्यावरच्या मुलींना एसटीची शेवटची फेरी गाठायची असते. त्यामुळे मुलींचे प्रवेश आधी उरकायचे आणि मुलांचे नंतर, असा क्रम आपोआप ठरतो. दोघे समोरासमोर असलेला प्रवेश पूर्ण असा रविवारीच होतो. नाटकात मुलींची पात्रे कमी का, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा संहितेपेक्षा बसच्या वेळापत्रकात सापडते.

प्रयोगाचे तंत्र ठरलेले असते. मंडपवाल्याकडून पडदा आणि हॅलोजन, मंचावर दोन माइक, आणि बोलण्याची पाळी आली की माइकपाशी येऊन वाक्य म्हणून मागे सरकणारी पात्रे. मिशा काजळाच्या, लुगडे आजीचे. समोर बसलेले सगळे घरचेच असल्याने कोणी वाक्य विसरला तरी टाळी पडते. बाहेरगावच्या प्रयोगात नेमकी हीच सवलत मिळत नाही. शाळेचे नाटक गावाबाहेर पडले की ते कितपत नाटक आहे हे कळू लागते.

या भागाला फिरत्या नाटकाची ओळख जुनी आहे. संगीत नाटकाच्या भरभराटीच्या काळात नाटक मंडळ्या मुंबई-नागपूर रेल्वेमार्गाने वऱ्हाडात येत आणि कापसाच्या पैशाने सुखावलेल्या गावांत मुक्काम ठोकत. 1905 साली मुंबईत भरलेल्या पहिल्या मराठी नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष अमरावतीचे दादासाहेब खापर्डे होते. अमरावतीच्याच वीर वामनराव जोशी यांची ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ आणि ‘रणदुंदुभी’ ही नाटके अनुक्रमे ललितकलादर्श आणि बलवंत संगीत मंडळी या नामवंत संस्थांनी रंगभूमीवर आणली. मूर्तिजापूर हे जंक्शन. मोठ्या मार्गाला इथे छोटी ‘शकुंतला’ रेल्वे मिळत असे. तिची एक शाखा दर्यापूर-अंजनगावकडून अचलपूरला, तर दुसरी कारंजा-दारव्ह्याकडून यवतमाळला जाई. ही गाडी बंद पडल्यापासून त्या गावांकडे जायला एसटी किंवा भाड्याची गाडी हाच मार्ग उरला आहे, आणि शाळेच्या नाटकाच्या खर्चात प्रवासाचा आकडा नेपथ्यापेक्षा मोठा असतो.

मुलांसाठी म्हणून लिहिलेले नाटक त्या मानाने उशिरा आले. आचार्य अत्रे पुण्यात मुख्याध्यापक असताना शाळेच्या निमित्तानेच नाट्यलेखनाकडे वळले, पुढचे मोठे नाटककार अत्रे त्यानंतरचे. सुधा करमरकरांनी 1959 साली रत्नाकर मतकरींच्या ‘मधुमंजिरी’ने बालरंगभूमीची चळवळ सुरू केली. विजय तेंडुलकरांनी ‘चिमणा बांधतो बंगला’, ‘राजाराणीला घाम हवा’ अशी नाटके मुलांसाठी लिहिली. सुलभा देशपांडे दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेच्या ‘चंद्रशाला’ या बालविभागातून त्यांनी मुलांची नाटके उभी केली, आणि त्यांतले ‘दुर्गा झाली गौरी’ इतकी वर्षे चालले की त्यात नाचणाऱ्या मुलांच्या पिढ्या बदलल्या. मुंबई-पुण्याबाहेरच्या शाळांना या चळवळीतून मिळाल्या त्या मुख्यतः छापील संहिता. नेपथ्य आणि नृत्य ज्याने त्याने आपापल्या ऐपतीप्रमाणे बसवले.

आज तालुक्याच्या शाळेचे नाटक बाहेर जाते ते स्पर्धेच्या वाटेने. पहिली वाट विज्ञान नाट्योत्सवाची. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या, दिलेला वैज्ञानिक विषय आणि साधारण अर्ध्या तासाची मर्यादा. ही स्पर्धा शिक्षण खात्यातून येत असल्याने मुख्याध्यापकांना परवानगी देणे सोपे जाते आणि विज्ञानाचे शिक्षकही नाटकात ओढले जातात. नाटक म्हणून मात्र यातले बरेचसे प्रयोग पाठ्यपुस्तकाचा धडा वाटून घेतल्यासारखे होतात. एक पात्र प्रदूषण, दुसरे झाड, तिसरे शास्त्रज्ञ, आणि शेवटी सगळे मिळून घोषणा. त्यात एखाद्या शाळेने गावच्या बोअरचे पाणी आटल्याची गोष्ट घेतली की सभागृह एकदम सावरून बसते. दुसरी वाट सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या राज्य बालनाट्य स्पर्धेची. कामगारांच्या मुलांना कामगार कल्याण मंडळाच्या बालनाट्य स्पर्धेचीही सोय आहे. अकोल्याचे प्रमिलाताई ओक सभागृह किंवा अमरावतीचे संत ज्ञानेश्वर सांस्कृतिक भवन अशा मोठ्या रंगमंचावर शाळकरी मुले पाऊल ठेवतात ते अशाच निमित्ताने.

महाविद्यालयात गेल्यावर विद्यापीठाचा युवा महोत्सव. 1983 साली स्थापन झालेल्या आणि आता संत गाडगे बाबांचे नाव धारण करणाऱ्या अमरावती विद्यापीठात अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांतली महाविद्यालये येतात. त्यांच्यात एकांकिका, प्रहसन, मूकनाट्य आणि नकला यांची चुरस लागते. एकांकिकेला अर्धा तास, प्रहसनाला दहा मिनिटे, मूकनाट्याला पाच. पुढे आंतरविद्यापीठ महोत्सव आणि राज्यातल्या विद्यापीठांचा ‘इंद्रधनुष्य’. मूकनाट्य छोट्या गावांना विशेष मानवते. त्याला नेपथ्य लागत नाही, भाषेची भीती नाही आणि सहा जणांचा संघ एका जीपमध्ये बसतो.

शाळेच्या मंचावर उभे राहिलेले नाटक प्रवासाला निघाले की पहिला बळी जातो तो नेपथ्याचा. प्लायवूडचा राजवाडा बसच्या टपावरून जात नाही. अनुभवी शिक्षक म्हणून आधीपासूनच एक बाकडे, दोन चौरंग, चार काठ्या आणि एक धोतर एवढ्यात काम भागवतात. काठ्या उभ्या धरल्या की तुरुंग, आडव्या धरल्या की बैलगाडी. धोतर दोघांनी दोन टोकांना धरून हलवले की पूर आलेली नदी. गरजेपोटी आलेले हे तंत्र बहुतेक वेळा राजवाड्यापेक्षा सरस ठरते, कारण त्यात सगळ्या मुलांना सतत काहीतरी करावे लागते. कोणी भाला धरून वीस मिनिटे नुसते उभे राहत नाही.

दुसरी अडचण आवाजाची. माइकपाशी जाऊन बोलायची सवय लागलेले पोर मोठ्या सभागृहात गोंधळते. तिथे माइक वर टांगलेले असतात, किंवा नसतातच. शेवटच्या रांगेपर्यंत वाक्य पोचवायचे तर ओरडून चालत नाही. पोटातून श्वास घ्यावा लागतो, शब्दाचे शेवटचे अक्षर गिळून चालत नाही आणि पाठ प्रेक्षकांकडे असेल तर आवाज दुपटीने लावावा लागतो. हे शिकवायला मैदान चांगले. एका कडेला शिक्षक आणि दुसऱ्या कडेला मूल, मधून कबड्डीचा आरडाओरडा, आणि तरीही वाक्य पोचले पाहिजे. उजेडाचेही तसेच. हॅलोजनमध्ये सगळा मंच सारखाच उजळलेला असतो. स्पर्धेत पहिल्यांदा स्पॉट पडतो तेव्हा मुले उजेडाच्या बाहेर उभी राहून बोलतात. उजेड कपाळाला ऊबदार लागला पाहिजे, ही खूण त्यांना कोणीतरी सांगावी लागते.

भाषेचा प्रश्न सर्वांत नाजूक. मूर्तिजापूरच्या मुलाची बोली वऱ्हाडी. मैदानात ते ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ असे सहज बोलते. मंचावर चढले की त्याच्या तोंडी पुस्तकी मराठी घातली जाते. शिक्षकांची भीती समजण्यासारखी आहे. परीक्षक बाहेरचे असले तर बोली गावंढळ वाटेल, गुण जातील. परिणाम उलटाच होतो. प्रमाण मराठी बोलताना मुलाचे खांदे आखडतात, हात शरीराला चिकटतात आणि वाक्य पाठ म्हटल्यासारखे सपाट येते. तेच वाक्य बोलीत दिले की हात मोकळे होतात आणि विनोदाची वेळ अचूक साधते. वऱ्हाडी बोलीला तिरकस विनोदाची देणगी आहे, ती वाया घालवण्यात शहाणपण नाही. अडचण एवढीच की बोली फक्त नोकराच्या आणि खेडवळ पात्राच्या तोंडी घातली, तर मुले आपल्याच भाषेला हसायला शिकतात. न्यायाधीश, शास्त्रज्ञ किंवा कथेची नायिका वऱ्हाडी बोलू लागली की हा दोष जातो.

शाळेच्या फाटकाबाहेर नाटकाला कायदाही वेगळा लागतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्याने शैक्षणिक संस्थांना एक सूट दिली आहे. शिक्षक-विद्यार्थ्यांनी शाळेच्या उपक्रमात नाटक केले आणि प्रेक्षक शाळेतलेच, पालक किंवा शाळेशी संबंधित माणसे असली, तर लेखकाची परवानगी लागत नाही. गॅदरिंग या सवलतीत बसते, दुसऱ्या गावच्या चौकातला प्रयोग बसत नाही. तिथे लेखकाची संमती आणि त्याने मागितल्यास मानधन आलेच. शिवाय जाहीर प्रयोगासाठी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संमत करून घ्यावी लागते, आणि राज्य स्पर्धेच्या अर्जासोबत ते प्रमाणपत्र मागतात. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी हक्क संपतो. वीर वामनराव जोशी 1956 साली वारले, त्यामुळे त्यांची नाटके 2017 पासून सर्वांना खुली आहेत. वऱ्हाडातल्या शाळांनी ‘रणदुंदुभी’तला एखादा प्रवेश काढायला हरकत नाही. भाषा जड आहे, पण काटछाट करायची मोकळीकही आता आहेच. अनेक शिक्षक स्वतःच नाटक लिहितात त्यामागे हौस असते तशी ही कागदपत्रांची कटकटही असते.

पैशाचा हिशेब कोणालाच चुकलेला नाही. 1936 साली पंचाहत्तरीच्या घरातले रवींद्रनाथ ठाकूर ‘चित्रांगदा’ घेऊन शांतिनिकेतनच्या विद्यार्थ्यांसह उत्तर भारतात हिंडत होते. संस्थेच्या खर्चासाठी निधी हवा होता. या वयातली ही वणवण पाहून गांधीजींनी दिल्लीत साठ हजार रुपयांची व्यवस्था केली आणि त्यांना परत पाठवले. वऱ्हाडातल्या शाळेचा संघ निधी जमवायला निघत नाही, उलट जाण्यासाठीच निधी जमवतो. गाडीभाडे, वाटेतले जेवण, मुलींबरोबर एक शिक्षिका, प्रत्येक पालकाचे संमतीपत्र. रात्रीचा प्रयोग असला की परतायला मध्यरात्र होते, आणि पालकांचा नकार बहुधा यावर येतो, नाटकावर नाही.

स्पर्धेचा एक तोटा असा की नाटक एक-दोनदा होते आणि मरते. बक्षीस मिळाले नाही तर तिसरा प्रयोग नसतो. दोन महिन्यांच्या मेहनतीला एवढे आयुष्य फार कमी, कारण नट घडतो तो पाचव्या-सहाव्या प्रयोगाला, जेव्हा वाक्याची काळजी संपते आणि समोरच्याचे ऐकू येऊ लागते. तालुक्याच्या शाळेला हे जमण्यासारखे ठिकाण म्हणजे आसपासची खेडी. अर्ध्या तासाचे, चार काठ्यांचे नाटक शनिवारी सकाळी शाळा सुटल्यावर जिल्हा परिषदेच्या दोन शाळांत करता येते. मंच लागत नाही, वीज गेली तरी बिघडत नाही आणि मुले अंधाराच्या आत घरी पोचतात.

अशा नाटकाचे धडेही इथल्याच मातीत आहेत. गाडगे बाबांचे बालपण मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्यात, मामाच्या घरी गेले, आणि मूर्तिजापुरात त्यांनी गोरक्षण व धर्मशाळा उभी केली. दिवसा खराट्याने गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे, हा त्यांचा क्रम. कीर्तनात ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत, उत्तर वदवून घेत, आणि त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न काढीत. भाषा लोकांची, साहित्य जवळजवळ शून्य. प्रेक्षकाला गप्प बसू न देण्याची ही पद्धत पथनाट्य करणाऱ्या विद्यार्थ्यांनी नीट पाहिली तर घोषणा देण्याची गरजच उरत नाही. बाबांच्या जीवनावर शाळा नाटके करतात, तेव्हा बहुधा खराटा आणि गाडगे मंचावर आणतात. प्रश्न विचारण्याची रीत मात्र राहून जाते.

मुलींकडे तर फिरत्या प्रयोगाची परंपरा घरचीच आहे. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत वऱ्हाडात भुलाबाई बसते. महिनाभर संध्याकाळी मुली घरोघर जमून सासू, नणंद आणि माहेराची गाणी म्हणतात. शेवटी झाकलेला खाऊ ओळखायचा, हा खेळही संवादाचाच. आवाज एका सुरात लावणे, ओळ उचलून धरणे, रोज नव्या अंगणात नव्या माणसांसमोर उभे राहणे, हे सगळे त्यांना तालमीच्या आधीच येत असते. ज्या शिक्षिकेने हे ओळखले, तिच्या नाटकातला समूह वेगळा सांगावा लागत नाही.

दहावी-बारावीनंतर नाटक धरून राहणारे थोडेच. त्यांना पदवी-पदव्युत्तर शिक्षणासाठी छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग, 1987 साली सुरू झालेले पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र किंवा 2003 पासूनची मुंबई विद्यापीठाची नाट्य अकादमी गाठावी लागते. तिथल्या प्रवेश चाचणीत बहुधा स्वगत सादर करायला सांगतात, उत्स्फूर्त प्रसंग उभा करायला देतात आणि गटात काम करताना पाहतात. गॅदरिंगच्या माइकपाशी उभे राहून शिकलेल्या मुलाला यातले स्वगत जमते. उरलेल्या दोन्ही गोष्टी पाच-सहा अनोळखी गावांत प्रयोग केलेल्या मुलाला अधिक सोप्या जातात.